रोबोची घडणावळ किती लावू?

पत्र थोडक्यात: वय २९, मुक्काम कोल्हापूर. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी प्रोग्रॅमर. वडील गुजरीत सोन्याचे कारागीर. तीन वर्षं रात्री जागून पत्रलेखकाने सोन्याच्या भावावर आपोआप खरेदी-विक्री करणारा ट्रेडिंग रोबो लिहिला आणि मेटाट्रेडर या ट्रेडिंग सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन बाजारात ६० डॉलरला ठेवला. चार महिन्यांत ११ प्रती खपल्या. बाजाराचं २० टक्के कमिशन वजा जाऊन हातात आले ५२८ डॉलर. दोघांनी 'खातं रिकामं झालं' म्हणून एकेक तारा दिला. त्याच बाजारात तसाच दिसणारा दुसऱ्याचा रोबो ९९० डॉलरला आहे आणि खाली लिहिलंय, 'या किमतीत फक्त ३ प्रती शिल्लक'. मित्र म्हणतात, किंमत वाढव, स्वस्त म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. दाजी म्हणतात, परदेशी गिऱ्हाईक सोड. इथेच व्हॉट्सॲप ग्रुप काढू, प्रतीमागे २५ हजार आणि नफ्यात निम्मा वाटा. वडील एकच विचारतात, 'यंत्र पैसे पाडतं तर विकतोस कशाला?' पत्रलेखकाचा प्रश्न: किंमत किती ठेवू, विकू की भाड्याने देऊ, आणि नोकरी कधी सोडू?

उत्तर:

तुझं वय माझ्या धाकट्या मुलाएवढं, म्हणून एकेरीतच लिहितो. चार पानी पत्रात 'किंमत' हा शब्द एकोणीस वेळा आलाय. मोजले मी. 'तोटा' दोनदा, आणि दोन्ही वेळा ग्राहकाच्या चुकीच्या सेटिंगवर ढकललेला. तेव्हा किमतीपर्यंत जायला मी जरा लांबचा रस्ता घेणार आहे.

आधी वडिलांचा प्रश्न. 'त्यांना यातलं कळत नाही' म्हणून तू तो उडवून लावलास, पण तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात तोच आहे. याला एक प्रामाणिक उत्तर आहे आणि ते वडिलांच्याच धंद्यात सापडेल. गुजरीतला कारागीर साज घडवतो तेव्हा सोनं त्याचं नसतं. ते पेढीवरून वजन करून येतं, वजन करून परत जातं, घटीचा हिशोब लागतो, आणि कारागिराला मिळते ती मजुरी. गिऱ्हाइकाच्या पावतीवर ती घडणावळ म्हणून लागते. साज घडवणाऱ्याने स्वतः गळ्यात साज घालून हिंडावं असं कुणी म्हणत नाही. तुझ्याकडे भांडवल नाही, कसब आहे. कसब विकण्यात लपवण्यासारखं काय आहे? मात्र कारागीर गिऱ्हाइकाला 'हा साज घ्या, सोनं वर जाईल' असं सांगत नाही. भाव आपल्या भट्टीत ठरत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तू पाठवलेल्या तुझ्या जाहिरातीत दुसऱ्याच ओळीत 'महिन्याला ८ ते १२ टक्के' आहे. म्हणजे घडणावळ मागायच्या ठिकाणी तू सोन्याचाच भाव मागतोयस, आणि सोनं तुझं नाही.

आता तो ९९० डॉलरवाला. तुला त्याची किंमत दिसते. कुठल्या किमतीला किती प्रती गेल्या ते दिसत नाही. पहिल्या प्रती ४९ ला, पुढच्या ९९ ला, मग १९९, अशी शिडी लावायची पद्धत या बाजारात जुनी आहे. शेवटच्या पायरीवर कुणी नसलं तरी पाटीवर आकडा मोठा दिसतो आणि भाड्याने घेणं स्वस्त वाटायला लागतं. आणि 'तीनच प्रती शिल्लक' म्हणजे काय रे? मार्केट यार्डात सौद्याला आलेला गूळ संपतो. सॉफ्टवेअर कसं संपेल? त्याने ते लिहिलंय म्हणून तू लिहू नकोस. महिन्याभरानंतरही तीनच शिल्लक दिसल्या की बघणाऱ्याला कळतं.

मित्रांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ६० डॉलरचा रोबो बघून लोक दचकतात हे खरं आहे. पण ९९० देऊन घेणारा माणूस ९९० डॉलरच्या तक्रारी घेऊन येतो. त्या झेलायला तुझ्याकडे काय आहे, हा माझा प्रश्न आहे.

इथे माझी एक जुनी फजिती सांगतो. नव्वदच्या दशकात मी शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांसाठी पट्टीचा प्रोग्रॅम लिहिला होता, फॉक्सप्रोमध्ये. रव्यांची संख्या, वजन, दर टाकला की अडत, हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर कुरकुरत बाहेर यायची. किंमत ३,५०० रुपये, फ्लॉपीसकट, एकदाच. नऊ अडत्यांनी घेतला. मी खूश. पाडव्याला नवे सौदे सुरू झाले आणि हमालीचा दर बदलला. तो दर मी प्रोग्रॅमच्या पोटात लिहून ठेवलेला! नऊच्या नऊ दुकानांतून एकाच संध्याकाळी निरोप. लुनावर बसून रात्री दोनपर्यंत दुकान ते दुकान फिरलो आणि एक पैसा मागता आला नाही, कारण मीच 'एकदाच पैसे, कायमचा प्रोग्रॅम' असं सांगून विकलं होतं. तिसऱ्या वर्षी एका दुकानाचे दिवाणजी चहा पाजताना म्हणाले, "तुम्ही फ्लॉपी विकलीत, आम्ही माणूस विकत घेतला." त्या वर्षापासून मी वार्षिक देखभालीचे पैसे लावायला लागलो. दोन अडते सोडून गेले, सात राहिले. माझी कमाई वाढली आणि झोपही.

तुझा हिशोब मांडू. तूच लिहिलंस की रोज रात्री दीड तास ग्राहकांच्या मेसेजना उत्तरं देण्यात जातो. चार महिने म्हणजे १२० रात्री, १८० तास. ५२८ डॉलरचे धरू पंचेचाळीस हजार रुपये. तासाला अडीचशे पडले. त्यात व्हीपीएसचं, म्हणजे रोबो दिवसरात्र चालवणाऱ्या सर्व्हरचं, भाडं नाही, रोबो लिहायला गेलेली तीन वर्षं नाहीत, आणि हे अकरा ग्राहक पुढच्या वर्षीही मेसेज करणार आहेत. कारखान्यातल्या ओव्हरटाइमचा दर याच्याशी ताडून बघ. ६० डॉलर म्हणूनच कमी आहेत. शेजारचा ९९० घेतो याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

म्हणजे वाढवायची का? थांब. आधी तू काय विकतोयस ते बघू, कारण पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे ज्याने माझा चहा गार झाला: 'भाव उलटा गेला तर दर ५ डॉलरला लॉट दुप्पट करून ॲव्हरेज करतो, जास्तीत जास्त आठ टप्पे.'

कागद-पेन्सिल घे. लॉट म्हणजे सौद्याचं माप, आणि ॲव्हरेज म्हणजे तोट्यातल्या सौद्यावर आणखी सौदा चढवणं. पहिला सौदा ०.०१ लॉटचा. मग ०.०२, ०.०४, ०.०८, ०.१६, ०.३२, ०.६४ आणि आठवा १.२८. बेरीज २.५५ लॉट. सोन्याचा एक लॉट म्हणजे बहुतेक ठिकाणी १०० औंस. आठवा सौदा उघडतो तेव्हा भाव पहिल्या सौद्यापासून ३५ डॉलर खाली आहे आणि कागदावरचा तोटा १,२३५ डॉलर. इथून पुढे प्रत्येक एका डॉलरला २५५ डॉलर जातात. तू सुचवलेलं खातं ३,००० डॉलरचं. उरले १,७६५. भाव आणखी सात डॉलर खाली गेला की ते संपले. मार्जिनचा, म्हणजे ब्रोकरकडे अडकवाव्या लागणाऱ्या अनामतीचा, हिशोब धरला तर ब्रोकर त्याच्या आधीच सौदे कापेल. म्हणजे सुरुवातीपासून जेमतेम ४२ डॉलरची सलग घसरण आणि खातं साफ.

आता दुसरी गोम. २०२० च्या सुरुवातीला सोनं औंसाला दीड हजार डॉलरच्या आसपास होतं. तेव्हा ४२ डॉलर म्हणजे जवळपास तीन टक्के. अशी सलग घसरण रोज होत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनं चार हजारांच्या वर गेलं. त्या भावाला ४२ डॉलर म्हणजे एक टक्का, ते एखाद्या दुपारी चहा पिऊन येईपर्यंत होतं. तुझे पाच डॉलरचे टप्पे जागच्या जागी राहिले आणि सोनं मोठं झालं. त्या दोन एक-तारावाल्यांनी काय चुकीचं सेटिंग केलं असेल ते मला माहीत नाही, पण तू दिलेलंच सेटिंग ठेवलं असतं तरी त्यांचं खातं वाचलं असतं का, हे तू तपासलेलं दिसत नाही.

तुझा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेली चाचणी, २०२० ते २०२४ चा. त्या पाच वर्षांत सोनं अधूनमधून दमलं, पण एकूण वरच गेलं. चढत्या बाजारात पडल्यावर घेणारा प्रत्येकजण हुशार ठरतो. रोबो २०११ च्या सप्टेंबरपासून २०१५ च्या डिसेंबरपर्यंत चालव. १,९०० च्या घरातून १,०५० पर्यंतचा तो सगळा उतार आहे. त्यातही १२ आणि १५ एप्रिल २०१३ हे दोन दिवस वेगळे काढ. मध्ये शनिवार-रविवार होता, आणि त्या दोन सत्रांत सोनं दोनशे डॉलर पडलं. त्या वेळच्या खऱ्या टिक्स, म्हणजे भावाच्या प्रत्येक हालचालीची नोंद, तुझ्या ब्रोकरच्या सर्व्हरवर नसतील तर मिनिटाच्या डेटावर चालव, एवढ्या घसरणीला तेवढं पुरतं. टप्पे डॉलरऐवजी भावाच्या टक्क्यांत काढ. स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक, चाचणीच्या टेस्टरने दिलेला घेऊ नकोस, दुप्पट धर. आणि दुप्पट करण्याचा भाग बंद ठेवून एकदा चालव. तो बंद केल्यावर रोबोत नफा उरतोच का? उरला, थोडा का होईना, तर तुझ्याकडे विकायला काहीतरी आहे. नाही उरला तर तीन वर्षं तू रोबो लिहिला नाहीस, दुप्पट करण्याचं यंत्र लिहिलंस, आणि त्याची एकही रास्त किंमत मला माहीत नाही. हे कडू लागेल. पण वडिलांना विचार, गिऱ्हाइकाने दागिना कसावर घासायला मागितला तर चांगला सराफ रागावतो का.

'लाइव्ह खात्याचा पुरावा दाखवल्याशिवाय खप होत नाही,' असंही तू लिहितोस आणि त्यासाठी परदेशी ब्रोकरकडे खातं उघडायच्या विचारात आहेस. इथे मी तुला हाताला धरून थांबवतो. भारतात राहणाऱ्या माणसाला परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तींबरोबर आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या प्लॅटफॉर्मवर, किंवा एनएसई, बीएसई, एमएसई या एक्स्चेंजवर. परदेशात मार्जिन भरायला पैसे पाठवणं लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममध्येही, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतही, बसत नाही. फेमा म्हणजे १९९९ चा परकीय चलन कायदा, आणि तो मोडला तर कारवाई ब्रोकरवर होते तशी खातेदारावरही होऊ शकते. परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची यादीच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून लावली आहे. तू ज्यांची नावं लिहिलीस ती त्यात शोध. यादीत नाव नाही म्हणून परवानगी आहे असंही नसतं, हेही बँकेनेच सांगून ठेवलंय.

सॉफ्टवेअर लिहून परदेशातल्या ग्राहकाला विकणं ही वेगळी गोष्ट, ती सरळ निर्यात झाली. त्या रोबोवर इथे बसून स्वतः परदेशी ब्रोकरकडे खेळणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक वाट आहे: डेमो खातं, म्हणजे खोट्या पैशांचं सरावाचं खातं. सहा महिने डेमोवर चालव, सगळे सौदे उघडे ठेव, आणि वर्णनात ठळक लिही की हे डेमो आहे, इथे स्लिपेज (मागितलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) खऱ्यासारखं नसतं. काही ग्राहक नाक मुरडतील. जाऊ देत. त्या बाजारातला फुकट नमुनाही फक्त स्ट्रॅटेजी टेस्टरमध्येच चालतो, आणि टेस्टरला फसवणारे रोबो लिहिणारे कमी नाहीत: कुठल्या तारखेला भाव कुठे गेला ते कोडमध्येच पाठ करून ठेवायचं, की बॅकटेस्टची रेघ सरळ आभाळात. जाणता ग्राहक हे सगळं बघून झालेला असतो. सहा महिन्यांचा साधा, कुठे कुठे खचलेला डेमो त्याला जास्त पटतो.

दाजींबद्दल. घरातलं माणूस आहे, जपून लिहितो. प्रतीमागे २५ हजार आणि नफ्यात निम्मा वाटा, इथल्याच ओळखीच्या लोकांकडून. नफ्यात निम्मा म्हणताय, तोट्यात किती? पत्रात लिहिलेलं नाही. दाजींनाही तो प्रश्न पडलेला दिसत नाही. गिऱ्हाईक हा रोबो कुठे चालवणार? परदेशी ब्रोकरकडे, म्हणजे आत्ताच सांगितलेलं सगळं त्यांच्या गळ्यात, आणि ते सुचवणारे तुम्ही. 'मग एमसीएक्सवर (आपल्या कमोडिटी एक्स्चेंजवर), निफ्टीवर चालवू' म्हणाल, तर तिथे सेबी आहे. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम, पुरवणाऱ्याला एक्स्चेंजकडे एम्पॅनल व्हावं, म्हणजे त्यांच्या मान्य यादीत यावं लागतं, आणि आतलं तर्कशास्त्र ग्राहकाला दाखवायचं नसेल, म्हणजे ब्लॅक बॉक्स असेल, तर रिसर्च ॲनालिस्टची नोंदणीही लागते. स्वतः लिहिलेला अल्गो स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी वापरायची सोय आहे, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील. दाजी त्यात बसत नाहीत. ब्रोकरांना तर सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं होतं की अल्गोच्या जोडीला मागचा किंवा पुढचा परतावा सांगायचा नाही. तुझा बाजार परदेशी असला तरी ही शिस्त तू आपणहून लावून घे. ते '८ ते १२ टक्के' आजच्या आज काढ.

कायदा बाजूला ठेवला तरी आणखी एक गोष्ट उरते. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी दोन-दोन लाखांच्या. तुझ्या ग्रुपमधल्या शंभरांचं काय होईल याचा अंदाज कर. परदेशी ग्राहक एक तारा देऊन निघून जातो. पेठेतलं गिऱ्हाईक तालमीच्या दारात भेटतं, लग्नात पंगतीला शेजारी बसतं, आणि वडिलांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभं राहतं. 'महिन्याला इतके टक्के' म्हणणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात किती घरं धुतलीत हे तुला मी सांगायला नको. दाजींना सरळ सांग: नोंदणी नाही, म्हणून नाही. रागावले तर चार महिने रागावतील.

आता चांगली बातमी. ती तुझ्या ताज्या कलमात आहे आणि तू ती किरकोळ म्हणून लिहिलीस: 'तिघांनी विचारलं की रोबो नको, पण लॉट काढायचं पॅनल वेगळं मिळेल का?' भावा, याला म्हणतात गिऱ्हाइकाने दुकान दाखवणं! तू स्वतःच्या सोयीसाठी एक पॅनल लिहिलंस: खात्यातली किती टक्के जोखीम घ्यायची ते टाकलं, स्टॉपलॉसची, म्हणजे तोटा कुठे थांबवायचा त्याची, रेघ ओढली, की लॉट आपोआप निघतो, आणि दिवसाचा ठरलेला तोटा झाला की नवा सौदा अडवतो. हे अवजार आहे. ते भविष्य सांगत नाही, गणित करतं. बरोबर चालतंय की नाही हे ग्राहक पाच मिनिटांत तपासू शकतो, आणि बाजार वर जावो की खाली, ते तसंच चालतं. सीएनसीवर तू जो काटेकोरपणा शिकलास तो इथे कामी येतो. भाव कुठे जाईल हे ओळखायला तो पुरत नाही. रोबोवाल्यांची गर्दी तुडुंब आहे; स्वच्छ, न अडकणारी, ब्रोकर बदलला तरी लॉटची पायरी बरोबर पकडणारी पॅनलं त्यामानाने थोडी.

तेव्हा माझा सल्ला असा. महिन्याभरात पॅनल वेगळं काढ आणि ४० डॉलरच्या आसपास विकायला ठेव. हे भाड्याने देऊ नकोस. हातोडी कुणी महिन्याच्या बोलीवर घेत नाही. त्याचीच एक साधी आवृत्ती फुकट ठेव, जी नुसता लॉट दाखवते, सौदा टाकत नाही. फुकटवाल्यांचे मेसेज येतील, त्यांना आठवड्यातून एकदाच, रविवारी उत्तर द्यायचं.

रोबोचं वेगळं. आत्ता, या क्षणी, त्याची किंमत वाढवू नकोस, विक्री थांबव. जुन्या अकरा जणांना कळव की दुप्पट करणं बंद असलेली नवी आवृत्ती येतेय, आणि ती येईपर्यंत लॉट वाढू देऊ नका. दोन एक-तारावाल्यांना सगळ्यांदेखत उत्तर दे: तुमचं नुकसान झालं, आम्ही टप्पे चुकीचे धरले होते, हे बदललं. वाद घालू नकोस. २०११ ते २०१५ आणि सहा महिन्यांचा डेमो या दोन्हींतून रोबो तरला, तर १४० ते १५० डॉलरला परत आण आणि जोडीला भाडं ठेव, पण तीन महिने आणि वर्षाचंच. एक महिन्याचं नको. कुठल्याही धोरणाला महिना-दीड महिना वाईट जातोच, आणि एका महिन्यासाठी घेणारा नेमका तोच महिना घेऊन तारा देऊन जातो. वर्षाचं भाडं पूर्ण किमतीच्या निम्म्याहून थोडं जास्त ठेव, म्हणजे ज्याला तुझी देखभाल हवी तो भाड्यावर येईल आणि तुला दरवर्षी पैसे मिळतील. माझे सात अडते आठव.

किंमत वर नेणं सोपं असतं, खाली आणताना जुना गिऱ्हाईक दुखावतो. म्हणून दिवाळी सेल, निम्मी किंमत, असले खेळ नकोत. वर्णनात सगळ्यात वर, नफ्याच्या आधी, सर्वांत मोठा ड्रॉडाउन, म्हणजे खातं शिखरावरून किती खचलं ते, लिही, आकड्यात. मग हा रोबो कुणी घेऊ नये ते लिही. खप थोडा कमी होईल आणि मेसेज बरेच कमी होतील. तुझ्यासारख्या, दिवसा नोकरी करून रात्री विकणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे.

नोकरीचा प्रश्न तूच सोडवलास. चार महिन्यांत ५२८ डॉलर, यावर कुणी एमआयडीसी सोडत नाही. वर्षभर दर महिन्याला रोबोच्या भाड्यातून पगाराएवढे पैसे आले की पुन्हा पत्र लिही. त्याआधी नेमणूकपत्र वाच, बाहेरच्या कामाला मनाई आहे का ते बघ. असेल तर आधी कंपनीशी बोल. आणि सीएकडे जा. आलेला पैसा धंद्याचं उत्पन्न आहे, परदेशातून आला म्हणून करातून सुटत नाही. बँकेकडून आवक रकमेची पावती दर वेळी मागून फाइलला लाव. उलाढाल वीस लाखांच्या आसपास पोचायच्या आधीच जीएसटी आणि निर्यातीच्या एलयूटीबद्दल, म्हणजे कर न भरता निर्यात करायच्या हमीपत्राबद्दल, विचारून ठेव.

वडिलांना हे पत्र वाचून दाखव, निदान साजाचा भाग. आणि एप्रिल २०१३ चा अहवाल निघाला की मला पाठव, कसाही असला तरी. तोवर पॅनलला लाग. तू जोडलेला स्क्रीनशॉट मोठा करून बघितला: 'बाय' आणि 'सेल'ची बटणं एकमेकांना चिकटून आहेत आणि दोन्ही निळी. ते आधी बदल.